जमिनीवर बुडणारी बोट

बोट नदीत बुडाली असती तर कुळगावातल्या लोकांनी हळहळ केली असती. चार जण धावत आले असते, कुणी दोर टाकला असता. आमची बोट अंगणात बुडत होती. चार ओंडक्यांवर चढवून ठेवलेली, नदीपासून चांगली लांब, एका बाजूला शेवग्याचं झाड, दुसऱ्या बाजूला धुण्याचा दगड, आणि रोज सकाळी तिच्या पोटात पाणी. रस्त्यानं जाणारा येणारा कुंपणाशी थांबायचा आणि हसू दाबत विचारायचा, "काय दत्ताराम, आज किती बुडाली?" बाबा उत्तर द्यायचे नाहीत. बोटीच्या तळाची फळी उचलून ते तांब्यातांब्यानं पाणी उपसत राहायचे आणि ते पाणी शेवग्याच्या बुंध्याशी ओतायचे. त्या पावसाळ्यात शेवगा असा फोफावला की पुढं वर्षभर आम्ही शेंगाच खात होतो.

आज अंबरनाथच्या फ्लॅटमध्ये बसून हे लिहिते आहे तर छताच्या कोपऱ्यात ओल धरलेली आहे. वरच्या मजल्यावरचे म्हणतात पाइप तुमचा, आम्ही म्हणतो बाथरूम तुमचं, आणि सोसायटीचे सेक्रेटरी दोन्हीकडे चहा पिऊन जातात. वॉटरप्रूफिंगवाला आला तो ओल दिसते तिथंच बोट ठेवून म्हणाला, "मॅडम, गळती इथं आहे." मी त्याला सांगितलं, बाळा, पाणी जिथं दिसतं तिथून ते कधीच आलेलं नसतं. हे मी सतराव्या वर्षी शिकले आहे. त्यानं माझ्याकडे म्हाताऱ्या बाईकडे बघतात तसं बघितलं, आणि मी म्हातारी आहेच, तेव्हा त्याचंही काही चुकलं नाही.

बोट आमच्याकडे आली ती उल्हासनगरहून, टेम्पोवर दोरांनी बांधून. कॅम्प चारमध्ये लछूभाई म्हणून एक सिंधी गृहस्थ होते. त्यांचा फायबरचा कारखाना. कूलरचे सांगाडे, टाकीची झाकणं, बागेतल्या मुलांच्या घसरगुंड्या असं सगळं ते बनवायचे. कुठल्याशा रिसॉर्टवाल्यानं दुरुस्तीला टाकलेली एक मोटरबोट त्यांच्याकडे कैक वर्षं पडून होती, मालक पुन्हा फिरकलाच नव्हता. पांढरी, कडेनं निळा पट्टा, मध्ये छोटी केबिन, केबिनला दोन्ही बाजूंना दोन दोन खिडक्या, आत बसायला बाकं. बाबा अंबरनाथच्या एका कंपनीत फिटर होते आणि ती कंपनी नुकतीच बंद पडली होती. कामाच्या शोधात ते लछूभाईंकडे गेले आणि बोट ठरवून परत आले. गावाजवळच्या धरणाच्या पाण्यापलीकडे जे पाडे होते तिथले लोक, शाळेचे मास्तर, दुधाच्या किटल्या, आजारी माणसं, सगळं पाण्याला वळसा घालून चालत यायचं. त्यांना सरळ पाण्यावरून आणायचं, असा बाबांचा बेत. आई म्हणायची, कंपनी गेली आणि यांचं डोकं फिरलं. मला वाटतं, इतकी वर्षं दुसऱ्याच्या मशिनी फिरवून फिरलेलं त्यांचं डोकं तेव्हाच कुठं ठिकाणावर आलं होतं.

बोटीचं इंजिन मात्र पावसात ठेवायचं नाही म्हणून घरात आलं. देवघराशेजारच्या भिंतीला ते टेकवून ठेवलेलं असायचं, वर जुनी गोधडी. संध्याकाळी बाबा गोधडी काढून त्याला तेल द्यायचे, पुसायचे, पुन्हा पांघरूण घालायचे. आई भाकरी थापता थापता बघायची. "मना कधी आवरं तेल लावलंव?" ती विचारायची. बाबा म्हणायचे, "तू गंजत नाहीस ना." घरात तेव्हा रॉकेलचा, ग्रीसचा आणि भाजलेल्या सुकटीचा असा एक मिळून वास असायचा. पावसाच्या सुरुवातीला रानात शेवळं यायची, आई ती भाजी सुकट घालून करायची, आंबट काकडं घालायला मात्र कधी विसरायची नाही, नाही तर घसा खाजतो. पत्र्यावर पाऊस इतका वाजायचा की जेवताना "मीठ दे" हेसुद्धा ओरडून सांगावं लागे. कुणी बाहेरून ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, या घरात रोज भांडणं चालतात.

आईचं माहेर खाडीकाठचं, मिठागरवाल्यांचं. तिथल्या प्रत्येक होडीला काळ्या घोड्याची नाल असायची. बोट आली त्या दिवशी भाकरतुकडा ओवाळून टाकून झाल्यावर तिनं पहिली गोष्ट काढली ती हीच. "नाल लावा. पान्यातली वस्तू हाय, नजर लागते." बाबा कंपनीत वाढलेला माणूस. ते म्हणाले, "मशीनला नजर लागत नाही, गंज लागतो." आई म्हणाली, "बरं." आमच्या घरात आई इतक्या चटकन "बरं" म्हणाली की सावध व्हायला हवं होतं, पण त्या दिवशी सगळे बोटीच्या कौतुकात होते. बाबांनी केबिनच्या छपरावर पुढच्या बाजूला एक लाकडी पाटी उभी केली आणि तिच्यावर निळ्या रंगात "एकवीरा" असं नाव घातलं. त्या नावावर तरी दोघांचं एकमत होतं.

मग पाऊस लागला आणि बोट बुडायला लागली.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण अण्णामामानं, म्हणजे आईच्या भावानं, बाबांसाठी वापीला एक नोकरी बघून ठेवली होती. चार माणसांत एक खोली, घरी यायचं ते गणपतीला आणि होळीला. नारळी पौर्णिमेपर्यंत जागा धरून ठेवतो, असं मामानं सांगितलं होतं. इकडे बोटीला परवाना देणारे साहेब एकदा येऊन गेले. त्यांनी बोट ठोकून पाहिली, इंजिन सुरू करून ऐकलं, लाइफ जॅकेटच्या गाठी ओढून पाहिल्या, मान डोलावली, आणि शेवटी जाता जाता फळी उचलली. खाली पाणी. साहेब म्हणाले, "कोरडी करा, मग बोलवा. यात माणसं बसवायची आहेत, म्हशी नाहीत." म्हणजे सरळ हिशेब होता. नारळी पौर्णिमेच्या आत बोट कोरडी झाली तर बाबा घरी, नाही तर बाबा वापीला. त्या दिवसांत मी कॉलेजला जायचे, वर्गात बसायचे, आणि खिडकीबाहेर पाऊस वाढला की वहीच्या मागच्या पानावर नारळी पौर्णिमेला उरलेले दिवस मोजायचे. मला बाबांशिवायचं घर नको होतं. बाकी काही नाही, एवढंच.

शेजारपाजारचे सल्ले तर विचारू नका. एकानं सांगितलं, "बूच काढून ठेव की, पाणी आपोआप निघून जाईल." बोटीच्या तळाला मागे एक भोक असतं, आतलं पाणी सोडायला, त्याला बूच असतं. बाबा म्हणाले, "आणि पाण्यात गेल्यावर?" सल्लागार विचार करायला घरी गेले.

लछूभाई स्कूटरवरून यायचे, एका हातात सिलिकॉनची बंदूक. माणूस दिलदार, आवाज मोठा, आणि स्वतःच्या कामावर विश्वास असा की देवानंही तेवढा ठेवू नये. त्यांनी बोटीभोवती एक फेरी मारली. "साईं, पानी चोर है," ते बाबांना म्हणाले. "घुसेगा इधर से, निकलेगा उधर से." हे त्यांचं वाक्य शंभर टक्के खरं होतं, दुर्दैवानं त्यांनी स्वतः ते पाळलं नाही. पाणी मागच्या बाकाखाली दिसायचं, म्हणून त्यांनी मागची बाजू धरली. खिडक्यांचे कडक झालेले रबर काढून नवे बसवले. कठड्याचे बोल्ट काढून, खाली सिलिकॉन भरून पुन्हा आवळले. वरच्या झरोक्याच्या झाकणालाही चारी बाजूंनी सिलिकॉन. पाटीच्या स्क्रूंवरसुद्धा समोरून एकेक थेंब दिला. मग लांब उभे राहून म्हणाले, "अब तो हवा भी पूछ के आएगी."

दुसऱ्या दिवशी पाणी कमी होतं. अर्ध्यावर आलं होतं म्हणा ना. म्हणजे रबर खराब होतेच. पण अर्धी कोरडी बोट साहेबांना कशी दाखवणार? बाबांनी केबिनमध्ये सगळीकडे वर्तमानपत्रं अंथरली, कुठलं भिजतं ते बघायला. मागच्या कोपऱ्यातलंच भिजलं, आणि त्याच्या बरोबर वरचं छत हाताला कोरडं ठणठणीत. बाबा त्या छताकडे बघत बसायचे. जेवायला बोलावलं तरी उठायचे नाहीत. कंपनीत त्यांच्या हातून दुरुस्त न झालेली मशीन नव्हती, असं त्यांचे दोस्त सांगायचे. आता फायबरची एक होडी त्यांना वापीच्या गाडीत बसवायला निघाली होती. एकदा ते मला म्हणाले, "पाणी येतं कुठून ते कळलं असतं ना चंदा, तर बंद करायला मला पाच मिनिटं पुरली असती." त्यांचा आवाज इतका हलका झालेला मी कधी ऐकला नव्हता.

वाट दाखवली ती आईनंच, आणि ते तिला कळलंही नाही. बाबांचा पांढरा सदरा तिच्या नव्या लुगड्याबरोबर भिजत पडला आणि गुलाबी होऊन निघाला. बाबा म्हणाले, "हे कशानं झालं?" दगडावर सदरा आपटत आई वैतागून म्हणाली, "रंग कनाचा सुटला त कुनाला इचारावा लागत नाय. डाग बोलतो."

डाग बोलतो. मी उभी होते तिथून सरळ स्वयंपाकघरात गेले. हळदीचा डबा, कपड्यांची नीळ, आणि चुलीतला कोळसा कुटून केलेली पूड. रविवारची सकाळ होती, पावसानं उघडीप दिली होती. मी बाबांना म्हटलं, खिडक्यांच्या कडेनं हळद लावू, कठड्याच्या बोल्टांना नीळ, झरोक्याला कोळसा, मग वरून पाणी ओतू. खाली जो रंग येईल तो चोर. बाबांनी हळदीचा डबा माझ्या हातातून घेतला आणि स्वतः खिडकीला हळद लावायला लागले, नवरीला लावतात तशी, कोपरान्‌कोपरा. कुंपणाशी लोक जमलेच. "दत्ताराम, लगीन कधी?" कुणीतरी विचारलं. त्या दिवशी पहिल्यांदा बाबा म्हणाले, "मुहूर्त निघाला की पत्रिका देतो."

लछूभाईही आले होते, आपलं सिलिकॉन निर्दोष सुटणार याची खात्री करून घ्यायला. बाबा केबिनमध्ये फळी उचलून बॅटरी घेऊन बसले. मी शिडीवर, हातात झारी. आई ओटीवर सुकट निवडत होती. आधी खिडक्यांवर पाणी, मग बोल्टांवर, मग झरोक्यावर. प्रत्येक वेळी मी ओरडायचे, "आलं?" आणि आतून बाबा, "कोरडं." खिडक्या सुटल्या, बोल्ट सुटले, झरोका सुटला. लछूभाईंनी गर्दीकडे वळून दोन्ही हात पसरले. राहिलं होतं ते छपराचं पुढचं टोक, जिथं आम्ही काहीच लावलं नव्हतं, कारण तिथं नावाच्या पाटीशिवाय काही नव्हतं. उरलेलं पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून मी झारी तिथं रिकामी केली.

जरा वेळ काही नाही. मग आतून बाबांचा आवाज आला, "चंदा, लाल कोणी टाकला?"

"लाल नाहीच आहे बाबा. पिवळा, निळा, काळा."

"इथं लाल पाणी येतंय."

लछूभाई लगेच पुढे झाले. "हल्दी को साबुन लगा होगा. साबुन से हल्दी लाल होती है." गोष्ट खरी, पण साबण होता कुठं? आणि खिडक्यांवरची हळद तर जागच्या जागी पिवळीधमक होती. मी शिडी पुढं सरकवली आणि पाटीच्या मागं वाकून बघितलं. तिथं, पाटीच्या आडोशाला, समोरून दिसणार नाही अशी, घोड्याची नाल ठोकलेली होती. मध्ये जाडजूड खिळा. नालेवर कुंकू, आदल्या दिवशीचंच, आणि त्यात चिकटलेली जास्वंदीची एक पाकळी. आदल्या दिवशी शनिवार होता.

मी ओटीकडे बघितलं. आईचे हात सुकटीवर थांबले होते. तिला माझ्याही आधी समजलेलं होतं.

बाबा केबिनमधून बाहेर आले, मी उतरले, ते शिडीवर चढले, बघितलं, आणि तिथंच थांबले. आता हा माणूस काय बोलेल याची मला भीती वाटली. छप्पर दोन पदरी होतं. वरच्या पदरात खिळ्यानं भोक पडलेलं, पाणी तिथून शिरून दोन पदरांच्या मधून उतारानं मागं जायचं आणि मागच्या कोपऱ्यातून फळीखाली उतरायचं. एवढे आठवडे बाबा त्या कोरड्या छताकडे बघत बसले होते आणि पाणी त्याच्या पोटातून निवांत चाललं होतं, कुंकवाचा रंग पावसाच्या लोंढ्यात विरून.

"हे कोणी केलं?" त्यांनी विचारलं, जसं काही माहीतच नव्हतं.

आई उठून अंगणात आली. तिनं पदर खोचला. "मी. तुमी लछूभाईकरं गेल्ताव तवा, शिरी लावून."

"कशाला?"

"मना पोवता येत नाय," आई म्हणाली. "तुमी पान्यात परलाव त मी काठावर उभी ऱ्हाऊन क करनार? मनून लावली. मना क म्हायती, आवऱ्या खिल्यान पानी जाल."

मग तिला रडू आलं. आईला रडताना मी फार कमी वेळा पाहिलं. नवरा पाण्यातून सुखरूप परत यावा म्हणून तिनं जो खिळा मारला, तोच त्याला वापीला धाडायला निघाला होता, आणि प्रत्येक शनिवारी ती त्यावर कुंकू वाहत होती. मला हसावं की रडावं कळेना, आणि अजूनही ते आठवलं की मी दोन्ही करते.

पहिले बोलले ते लछूभाई. "अदी," ते आईला म्हणाले. सिंधीत बहिणीला अदी म्हणतात. "मेरे को बोलने का था ना. मैं फायबर में बिठा के देता. कील कायको मारा?" लोक हसले. आईही रडता रडता हसली. बाबांनी पक्कड मागितली, खिळा उपटला आणि खिशात टाकला. मग शिडीवरूनच, नाल हातात धरून, त्यांनी आईला विचारलं, "कुठं बसवायची?"

आई डोळे पुसत म्हणाली, "तितंच."

लछूभाईंनी भोकाभोवती घासलं, फायबरची चटई तोडून लावली, रेझिन भरलं, आणि ते वाळायच्या आत नाल त्यात दाबून बसवली. खिळा नाही, भोक नाही. बाबा खाली उतरून म्हणाले, "आता नजरही नाही आणि गंजही नाही." पुढं बरीच वर्षं बोट पाण्यावर चालली, मग पलीकडे रस्ता झाला आणि ती थांबली. ती नाल आता माझ्या फ्लॅटच्या दारावर आहे, गोंदानं चिकटवलेली. सुतारानं ड्रिल काढलं होतं, त्याला मी हात लावू दिला नाही.

साहेब आले ते नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी. दोन दिवस पाऊस असा लागला होता की शेवग्याच्या फांद्या मोडल्या. छत्री मिटून साहेब केबिनमध्ये शिरले, बाबा मागोमाग. मी आणि आई दारात. आईनं माझा हात इतका घट्ट धरला होता की तिच्या बांगड्या मला रुतत होत्या. आत फळी उचलल्याचा आवाज झाला. साहेब वाकून हात आत घालून चाचपत होते. मग ते बाहेर आले, अंगठ्यानं बोटं चोळत, तोंड वाकडं करून.

"अहो, खाली किती धूळ आहे ही," ते म्हणाले. "माणसं बसवायची आहेत, जरा झाडून घेत जा."

धूळ! त्या शब्दाइतकं गोड मी आयुष्यात काही ऐकलेलं नाही. बाबा म्हणाले, "हो साहेब, झाडतो." एवढंच म्हणाले आणि तोंड फिरवून शेवग्याकडे बघायला लागले, कारण त्यांचे डोळे भरून आले होते. साहेबांनी कागदावर सही केली, चहा घेतला आणि गेले.

आई घरातून केरसुणी आणि सुपली घेऊन आली. बोट आल्यापासून तिनं तिच्यात पाऊल टाकलेलं नव्हतं. एक पाय ओंडक्यावर, एक हात बाबांच्या खांद्यावर, अशी ती चढली आणि केबिनमध्ये शिरली. पाऊस चालूच होता. छपरावर तो वाजत होता, आणि त्याच्या खाली आईची केरसुणी. आम्ही बाहेर भिजत उभे. बऱ्याच वेळानं ती दारात आली, हातात सुपली, सुपलीत मूठभर धूळ. ती तिनं आम्हाला दाखवली, जसं काही प्रसाद दाखवावा.

"अण्णाला निरोप धारा," ती बाबांना म्हणाली. "वापीला दुसरा मानूस बग म्हनावं. आमचा मानूस बोटीवर हाय."